मीटर दाजीच्या नावावर

"दाजी, तेरा एक्झिट नहीं होगा. कोर्ट का बॅन है तेरे ऊपर."

जुनैद म्हणजे कंपनीची व्हिसाची कामं करणारा माणूस. अशी गोष्ट बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगायची असते, एवढं काही त्याला सुचलं नाही. बहारीनमधल्या सित्र्याच्या वर्कशॉपच्या दारात बस लागली होती, सगळी गँग चढायला उभी होती, आणि याचा आवाज पार ड्रायव्हरपर्यंत. दाजी अंगावरची काचेची लोकर झटकत होता. पाइपांना ती लोकर गुंडाळायची आणि वरून पत्रा ठोकायचा, हे त्याचं काम. उभी हयात त्यात गेली, छातीत खोकला बसला, आणि आता कंपनीनं त्याला गोडीत घरी जायला सांगितलं होतं.

"क्या किया रे, चोरी किया?" रांगेतून कुणीतरी विचारलं. सगळे हसले. दाजीही हसला. माणसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं की तो आधी हसून घेतो.

"बलदिया का पैसा," जुनैद म्हणाला. "मनामावाला कमरा. बरसों से भरा नहीं. ऊपर से कोर्ट का खर्चा. सब भरो तो जाओ. नहीं तो मफी, जाना नहीं."

"मगर मैं उस कमरे में रहता ही नहीं!"

"नाम तेरा है ना?"

नाव त्याचंच होतं, आणि ते त्यानं मोठ्या हौसेनं लावून घेतलं होतं.

हे नावाचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण शहाण्या माणसाच्या डोक्यात ते सहजी शिरणार नाही. मनाम्याच्या जुन्या बाजारामागं दाजीच्या वाडीची एक खोली आहे. भाड्याचीच, पण मालवणकडच्या त्या वाडीतला कुणीही पोरगा बहारीनला उतरला की त्यानं पहिली पथारी तिथं टाकायची. खोली घेतली तेव्हा मीटर कुणाच्यातरी नावावर लावायचा होता. बाकीचे मागं सरले. दाजीनं मात्र छाती काढून आपलं कार्ड पुढं केलं. गावाकडं घरपट्टी ज्याच्या नावावर, घर त्याचं. त्या पट्टीवरच्या नावासाठी सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात. परमुलखात सरकारदरबारी आपलं नाव लागतंय म्हटल्यावर दाजीला आपण मनाम्याचे खोत झाल्यासारखं वाटलं. मग वाडीनंही ठरवून टाकलं की ज्याच्या नावावर मीटर, त्यानंच चवथीला खोलीतल्या गणपतीपुढं गाऱ्हाणं घालायचं.

गाऱ्हाणं घालणारा साऱ्यांच्या वतीनं देवाशी बोलतो. बाकीच्यांनी माना खाली घालून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. वर्षभर फोरमनच्या शिव्या खाणाऱ्या दाजीला त्या एका दिवशी अख्खी खोली व्हय म्हणायची. पुढं शेवंती, त्याची बायको, अदलियात स्वयंपाकाच्या कामावर आली आणि दोघांनी गच्चीवरची एक पत्र्याची खोली घेतली, तरी दाजीनं वाडीच्या खोलीवरचं नाव काढलं नाही. शेवंती किती वेळा म्हणाली असेल. पण नाव काढलं की गाऱ्हाणं गेलं.

इथं बलदियाची, म्हणजे नगरपालिकेची फी, आपल्याकडची घरपट्टीच म्हणा, लाइटच्या बिलातूनच येते. खोलीतली पोरं एसी तुटू नये इतकंच भरायची. बाकीचं साचत गेलं, आणि ते कुणाच्या नावावर साचलं हे सांगायला नको.

ऑगस्टचे दिवस होते. हवा अशी ओली की बनियन पिळून घातलं तरी तसंच. चवथ दीड महिन्यावर आली होती. यंदाची चवथ दाजीच्या स्वतःच्या घरात व्हायची होती. दोघांच्या कमाईतून गावात स्लॅबचं घर उभं राहिलं होतं, गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडं, मूर्तीसाठी पाट पोचला होता. दाजीला कायमचं घरी जायचं होतं. बाकी काहीही नको होतं.

*

संध्याकाळी शेवंतीनं कणकेचा गोळा घेतला आणि दाजीच्या हातावरून फिरवायला लागली. कातडीत रुतलेले काचेचे बारीक तंतू असे कणकेला चिकटून निघतात. हे तिनं आपलं आपणच शोधून काढलं होतं. रोजचं काम ते.

"हात सरळ धरा."

"काय्येक बोला नको, शेवंते."

"मी खंय बोलतंय? बोललंय तेव्हा तुमी आयकलात नाय. आता बोलान काय व्हतला?"

गोळा कोपरापाशी आला तसा तो कळवळला.

"पोरा भरतली," तो म्हणाला. "आपल्याच वाडीची पोरा ती. शुक्रवारी जावया. मी गेलंय की भरतली."

"तुमी गेलात की?"

"नाव माजा असा थंय."

शेवंतीनं गोळा बाजूला ठेवला. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. गावच्या घरातल्या ओट्याची कडप्प्याची फरशी तिच्या एका वर्षाच्या पगाराची होती, मोरीची तिच्या दुसऱ्या. हातातल्या पाटल्या स्लॅबमध्ये गेल्या होत्या. त्या घरात स्वतःच्या चुलीपुढं बसून एक भाकरी अजून तिनं भाजली नव्हती. पण ओरडून पोट भरत नाही, म्हणून तिनं हात धुतले आणि दुसरी कणीक मळायला घेतली.

*

शुक्रवारी पोरं खोलीभर पसरलेली होती. एसी गारेगार. दारावर वाडीच्या मंडळाचं कॅलेंडर लटकत होतं. दाजीनं ते वर उचललं तर मागं कोर्टाचा कागद डकवलेला, आणि त्याच्या खालून आणखी एक डोकावत होता, जुना, पिवळा पडलेला.

"ह्या काय रे, सुयोग?"

सुयोग हा दाजीच्या सख्ख्या भावाचा मुलगा. एका हॉटेलची गाडी चालवायचा. त्याला बहारीनला आणला दाजीनं, आणि खोलीचे पैसे गोळा करायचं कामही दाजीनंच त्याच्याकडं सोपवलेलं.

"ता होय? कोर्टाचो माणूस येवन चिकटवून गेलो. अरबीत असा, आमका काय समजता? फाडूक गेलंव तर दाराचो रंग निघाक लागलो. म्हणान वर कॅलेंडर लावला."

"माका फोन करूक काय झाला होता?"

"तुमचाच नाव होता, काका. म्हटला, तुमका म्हायत असतला."

कॉटवरचं कुणीतरी फिसकन हसलं. दाजीनं ते ऐकलं नाहीसं केलं आणि खाली बसला. त्याला कुणी खुर्ची दिली नाही. शेवंती दारातच उभी राहिली.

"बलदियाचे पैसे तू सगळ्यांकडसून घेतलंस मां? ते खंय गेले?"

"लाइटाक गेले. एसी चलता तो फुकट चलता?"

"बरा," दाजी म्हणाला. त्यानं घसा साफ केला, गाऱ्हाण्याआधी करायचा तसा. "झाला ता झाला. आता सगळ्यांनी वाटून भरूया. माका चवथीक घराक जावचा असा."

एकजण भिंतीकडं तोंड करून मोबाइल बघायला लागला. दुसरा म्हणाला, आमी आता इलंव, मागच्यांचा आमी कित्याक भरूचा? मागचे कुठं होते? एक दुबईला, दोन गावी, आणि एकाला तर चार खांद्यांवरून पोचवूनही झालं होतं. दाजी एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिला. यांतल्या निम्म्यांना विमानतळावरून त्यानं स्वतः आणलं होतं, पहिला भात शेवंतीच्या हातचा वाढला होता.

"काका," सुयोग म्हणाला, अगदी मऊ आवाजात, "मान घेतलात तेव्हा वाटून घेतलात काय?"

"व्हय म्हाराजा!" वरच्या कॉटवरून कुणीतरी ठसक्यात म्हणालं.

खोली हसण्यानं फुटली. पोटं धरून हसले, एकाला तर ठसका लागला. दाजी उठायला गेला, तर गुडघा धरला, आणि हात टेकून उठेपर्यंत ते हसतच होते. शेवंतीनं पुढं होऊन त्याचा दंड धरला. त्या क्षणी तिच्या मनात आलं, बरी जिरली. लगेच स्वतःचीच लाज वाटली तिला. पण आलं होतं खरं.

*

अदलियातल्या ज्या घरी शेवंती काम करायची ते राजन आणि मेधाचं. पुण्याची माणसं, तो हिशेबतपासनीस, ती बँकेत. वाईट नव्हती. आवाज चढवायची नाहीत, शिळं द्यायची नाहीत. शेवंतीनं दोन दिवस शब्द जुळवले आणि चहाचे कप ठेवता ठेवता पगाराची उचल मागितली.

"अगं, आधी सांगायचंस ना," मेधा म्हणाली. "आता आर्याच्या शाळेची फी, तिकडं पुण्याचा फ्लॅट... आणि एकदम एवढी रक्कम?"

राजननं लॅपटॉपवरून मान वर केली. "नोटीस आली की पहिल्यांदा ती वाचायची असते, शेवंती. कळत नसेल तर ज्याला कळतं त्याच्याकडं न्यायची. तेव्हा भरलं असतं तर नुसती फी गेली असती. आता कोर्टाचा खर्च चढला. याला अज्ञान नाही म्हणत, याला बेजबाबदारपणा म्हणतात."

"होय, साहेब."

"मी ओरडत नाहीये. समजावून सांगतोय."

"होय, साहेब."

"आणि तू रजेवर जाणार ते जाणारच का?" मेधानं विचारलं. "आपला दीड दिवसाचा गणपती, माणसं जेवायला. मोदक बाहेरून आणायचे म्हणजे..."

"माका जावक व्हया, मॅडम. घरात पयलो गणपती."

मेधानं सुस्कारा सोडला. मग आत जाऊन एक पिशवी घेऊन आली. त्यात जुन्या चादरी होत्या आणि राजनचे दोन शर्ट. "दाजींना होतील बघ," ती म्हणाली. शेवंतीनं पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि थँक्यू म्हणाली. संध्याकाळी त्यातला एक शर्ट तिनं दाजीच्या अंगाला लावून बघितला. बाह्या कोपरापाशीच आखडल्या. मग दोन्ही शर्टांची फडकी केली.

*

कोर्टाच्या कचेरीत खिडकीवर सुरैया नावाची बाई होती. काळा अबाया, चेहऱ्यावर थकवा, आणि बोलणं मात्र गोड. तिनं दाजीला खुर्ची दिली, पाणी दिलं. इतक्या दिवसांत त्याला कुणी बसा म्हणालेलं पहिल्यांदाच.

"बाबा, पूरा भरो तो बॅन उठेगा. थोडा थोडा भरो, वो भी लेगा. मगर बॅन वैसा ही रहेगा."

"मैं उधर रहता नहीं, बहन."

"रहता नहीं तो नाम क्यों रखा?"

ती खरोखरच विचारत होती. दाजीनं तोंड उघडलं. गाऱ्हाण्याला हिंदीत काय म्हणतात ते त्याला येईना, आणि आलं असतं तरी त्या थंडगार खिडकीपुढं ते उच्चारायची त्याला शरम वाटली असती.

"गलती हो गया," तो म्हणाला.

"इंशाल्ला हो जाएगा, बाबा," सुरैया म्हणाली आणि पुढचा नंबर पुकारला.

कंपनीनं हिशेब करून दाजीला मोकळा केला होता. काम नाही, पगार नाही, आणि देशाबाहेरही जाता येत नाही. मग तो बाजारात हमालीला लागला. चोरूनच, कारण कागदावर त्याला कुठलंही काम करायची मुभा नव्हती, आणि हे दुकानदारांना चांगलं ठाऊक होतं. अशा माणसाला मजुरी काय द्यायची ते दुकानदार आपल्या मर्जीनं ठरवतो. तांदळाची पोती माळ्यावर चढवायची. लाकडी जिना, वर वारा नाही, पत्रा तापलेला. पहिल्याच दिवशी दाजीच्या पोटऱ्यांत गोळे आले आणि तो पोत्यासकट जिन्यावर बसला. दुकानदारानं आधी पोतं फाटलं का ते बघितलं.

रात्री शेवंती त्याच्या पोटऱ्या चोळायची. मिठाचं पाणी पाजायची. त्याच्या खांद्यावरची साल गेलेली, त्यावर खोबरेल लावताना तो लहान पोरासारखा हुंदके द्यायचा.

"गणपतीच्या शाळेत आपलो पाट असा गो," तो म्हणायचा. "मूर्ती तयार झाली असतली. कोण हाडतलो ती?"

"गप निजा आता."

"सगळे आपापले गणपती डोक्यार घेवन जातले. आपलो थंयच ऱ्हवतलो. पोरका."

मिळतील त्या घरी तिनं धुणं धरलं, एका घरी भर दुपारच्या उन्हात गच्ची घासायला लागली. महिनाअखेर जे जमलं ते दोघांनी मोजलं. चिंचोक्यांनी विहीर भरायची झाली ती.

*

एका दुपारी सुयोग बाजारात आला. हातात थंड लबनाच्या, म्हणजे ताकाच्या, दोन बाटल्या. दाजी दुकानाच्या पायरीवर टॉवेल तोंडावर घेऊन बसला होता. सुयोग त्याच्या शेजारी टेकला, स्वतः झाकण उघडून बाटली त्याच्या हातात दिली.

"काका, रागावलात माझ्यार?"

"रागावान काय करू?"

"मी भरतंय सगळे. बलदियाचे, कोर्टाचे, सगळे. उद्याच्या उद्या."

दाजीनं टॉवेल बाजूला केला.

"गावच्या घराची घरपट्टी तेवढी माझ्या नावार करा," सुयोग म्हणाला. "एंबसीत संमतीपत्र करून शिक्को मारून घेवया. तसा म्हटला तर जागा सामायिक. माजो बापूस अर्ध्याचो धनी असाच."

"घर मी बांधलंय रे."

"मगे? तुमीच ऱ्हवतलात थंय. नाव फक्त, काका. नाव फक्त."

नाव फक्त! हे दाजीला सांगावं लागावं? नावापायी काय होतं हे त्या माणसानं पाठीवर वागवलं होतं. त्यानं बाटली सुयोगच्या अंगावर फेकायला हवी होती. मला इथं दाजीचा संताप येतो, आणि त्याच्याकडं बघितलं की संताप टिकतही नाही. खांद्यांवर पोत्यांचे चट्टे, ओठ फुटलेले, आणि डोळ्यांपुढं शाळेत वाट बघत असलेली मूर्ती. चवथ आठवड्यावर आलेली.

त्यानं शेवंतीला विचारून सांगतो म्हटलं नाही. आम्हाला उद्या घराबाहेर काढलंस तर, असं विचारलं नाही. त्यानं विचारलं ते असं:

"आणि गाऱ्हाणा कोण घालतलो? घरातला?"

सुयोगला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यानं हसू दाबून काकाच्या गुडघ्याला हात लावला.

"तुमीच घालतलात, काका. तुमी जित्ते असासर तुमीच. दुसरो कोण असा मानकरी?"

"कागदार लिव."

"कागदार?"

"त्याच कागदार लिव. गाऱ्हाणा दाजी घालतलो म्हणान."

लिहिलं. सुयोगनं आनंदानं लिहिलं. त्याला त्याचा काय तोटा? दुसऱ्या दिवशी सही झाली, शिक्का बसला, सुयोगनं पैसे भरले. ते पैसे कुणाकुणाच्या खिशातून बलदियाच्या नावानं त्याच्याकडं आले होते हे वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बोलत कुणी नाही.

घरी येऊन दाजी शेवंतीला म्हणाला, "सुयोगान भरल्यान. पोरगो वायट नाय." तिनं त्याच्याकडं निरखून बघितलं. पण तो इतका हलका झाला होता, इतक्या दिवसांनी पोटभर जेवत होता, की तिला पुढं विचारवेना. पदरात पडलं ते पवित्र म्हणायची तिला जन्माची सवय. तिनं बाजारात जाऊन गणपतीवरच्या माटवीला लावायच्या दिव्यांच्या माळा आणल्या, आपल्या बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून ठेवल्या.

*

विमानतळावर सोडायला सुयोग हॉटेलची गाडी घेऊन आला. दाजी पुढं बसला, शेवंती मागं, बॅगा मांडीवर. पूल ओलांडताना समुद्रावरून वाफ उठत होती. सुयोग रंगात आला होता.

"काकी, मागची पडवी तुमका सोडलेली हा बरा. बाबांक सांगलंय तसा. मोरी पण थंयच काढून देतलंय. फुडचा घर आमका लागतला, माजा लगीन व्हतला मां फुडल्या साली."

"कसली पडवी?"

दाजी खिडकीतून बाहेर बघत होता.

"काका सांगूक नाय?" सुयोग आरशातून बघत म्हणाला. "घर माझ्या नावार झाला. पण तुमी काळजी करा नको."

शेवंतीनं पुढच्या सीटवरच्या त्या मानेकडं बघितलं. ती मान हलली नाही.

"सही केलात?" तिनं विचारलं.

"चवथीक घराक जावचा होता गो माका," दाजी म्हणाला. वळला नाही.

"कोणाच्या घराक?"

सुयोगनं एसी वाढवला.

विमानतळाच्या दारात सामान उतरलं. दाजीनं ट्रॉली लावली. शेवंतीनं त्यावरची आपली बॅग उचलून खाली ठेवली.

"मी येणंय नाय."

"खुळी काय गो? तिकीट काढलेला असा!"

"माजी नुसती रजा असा. व्हिसा असा. मॅडमकडे काम असा. थंय माजा काय असा? पडवी?" तिचा आवाज आता मोठा झाला, दारातली माणसं बघायला लागली. "माजी पाटली खंय असा त्या घरात, दाखवा माका! माका विचारलात? एक शब्द? माझ्या ओट्यार दुसरी बाई भाकऱ्या थापतली, आणि मी मागच्या दाराक बसान बघू?"

"हळू बोल."

"पोरा हसली तेव्हा मी तुमचो हात धरलंय. माजो कोण धरतलो?"

दाजीचे डोळे भरले. तो रडवेला झाला खरा, पण तोंडातून निघालं ते हे: "नव्या घरात पयलो गणपती, आणि घरची बाई नाय. लोक काय म्हणतले?"

शेवंती त्याच्याकडं बघत राहिली. या माणसाच्या हातातले काचेचे तंतू तिनं इतकी वर्षं वेचले होते.

"लोक व्हय म्हाराजा म्हणतले," ती म्हणाली. "जावा तुमी."

तो गेला. ट्रॉली ढकलत, एक पाय ओढत. काचेचं दार उघडलं आणि मिटलं. शेवंती उभीच होती. मग दार परत उघडलं आणि दाजी बाहेर आला, घाईघाईनं, तिच्याकडंच. परतला, ती मनात म्हणाली. देवा, परतला.

"माळा," दाजी धापा टाकत म्हणाला. "माटवीच्यो माळा तुझ्या बॅगेत असत."

तिनं बॅग उघडली. कपडे बाजूला करून माळा काढल्या आणि त्याच्या हातात दिल्या.

*

"अगं, किती बरं झालं!" दारात शेवंतीला बघून मेधा खरोखर आनंदली. "मला वाटलंच होतं, तू काही आम्हाला टाकून जाणार नाहीस. गणपती पावला बघ." का राहिलीस, हे तिनं विचारलं नाही. पाहुण्यांचा आकडा सांगितला.

चवथीच्या दुपारी शेवंती उकड मळत होती. बाहेर आरती चालली होती, कुणाच्यातरी हातातली झांज ताल सोडून वाजत होती. फोन आला तो दाजीचा. तिनं तो ओट्यावर ठेवून स्पीकर लावला, हात भरले होते.

"शेवंते! गाऱ्हाणा बेस झाला गो! सगळी वाडी होती. आवाज फुडच्या आळीपर्यंत गेलो म्हणतत. तुझ्या नावान पण घातलंय, थंय सुखी ठेव म्हणान."

"बरा झाला."

"माळा लावल्यो. झकास दिसतत."

"बरा."

मागं ढोलकी वाजत होती, बायका हसत होत्या. त्याचा आवाज खाली आला.

"आयक. पंचायतीचो शिपाय नोटीस घेवन इल्लो. दोन वर्सांची घरपट्टी थकलेली हा. मी भावाकडे धाडलेले पैसे तेना भरूकच नाय. आता ती थकबाकी म्हणे जुन्या नावार येता, म्हणजे माझ्या. सुयोग फोनार म्हणता, माझ्या आदीचा मी कित्याक भरू? नाय भरलंय तर पडवीक कुलूप घालतलो म्हणता." त्यानं घसा साफ केला. "धाडशीत मां गो थोडे?"

शेवंतीनं पारी हातात घेतली, सारण भरलं, कळ्या पाडल्या. एक मोदक मिटला. ताटात ठेवला.

"शेवंते? आयकतंस मां? फोन कापलो काय?"

"शेवंती," बाहेरून मेधाची हाक आली, "पहिलं ताट तयार आहे ना गं?"

"होय मॅडम, आणतंय," ती म्हणाली. ओट्यावर दाजी अजून हॅलो हॅलो करत होता. तिनं ताट उचललं आणि बाहेर नेलं.